सरकारी आवाज

"अजून थोडं सरकारी पाहिजे, मॅडम," उंबरजे म्हणाला.

मी कानावरचा हेडफोन काढला. "सरकारी म्हणजे कसं?"

"म्हणजे बघा, ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे ऐकलं नाही तर घरी नोटीस येईल. साडीच्या सेलला तुम्ही लाडात बोलता. ते इथं नको. इथं कोरडं. एकदम कोरडं."

उंबरजे झळाळी केबलचा मालक. सोलापुरात तसं कुणालाही मालक म्हणतात, रिक्षावाल्यालाही, पण हा स्वतःच स्वतःला मालक म्हणायचा. "मालकांनी सांगितलंय म्हणून सांगा," असं फोनवर स्वतःबद्दल बोलायचा. त्याचा स्टुडिओ म्हणजे ऑफिसमागची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, आणि अंड्यांचा वास येऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ मोगऱ्याचा फवारा. त्या दोन्ही वासांत बसून मी चार वर्षं सोलापूरकरांना साड्या, सोफे, मूळव्याधीचा इलाज आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा विकल्या. सगळं एकाच तोंडानं.

ती २०१३ सालच्या मार्चची गोष्ट. महिनाअखेरीला शहरातली जुनी केबल बंद होऊन डिजिटल सुरू होणार होती. डिजिटल म्हणजे फार मोठं काही नव्हतं. टीव्ही तोच, वायर तीच, मध्ये एक डबा बसवायचा, झालं. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण एका वाक्यात सांगितलं असतं तर उंबरजेच्या मेव्हण्यानं शोरूममध्ये मांडून ठेवलेले फ्लॅट टीव्ही कोण घेणार होतं?

म्हणून मला दिलेला कागद असा होता:

"जाहीर सूचना. शहरातील सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, एकतीस मार्चनंतर जुने दूरचित्रवाणी संच निरुपयोगी ठरणार आहेत. तरी नागरिकांनी आपले जुने संच तत्काळ जमा करून डिजिटल बॉक्स मोफत घेऊन जावा व होणारी गैरसोय टाळावी."

मी वाचलं आणि म्हटलं, "अहो, जुना टीव्ही चालतो की बॉक्सवर. माझ्या घरी गेल्या आठवड्यात तुमच्याच माणसानं बसवलाय. झकास चालतोय."

"चालतो ना! कोण नाही म्हणतंय?" उंबरजेनं हातातलं कडं मागं सारलं. "पण 'ठरणार आहेत' लिहिलंय. आज ना उद्या ठरणारच की. तुम्ही-आम्हीपण एक दिवस निरुपयोगी ठरणार आहोत, मॅडम. खोटं काय त्यात?"

"आणि 'जाहीर सूचना'? सरकारनं काढलीय का ही?"

"सरकारचं नाव कुठं आहे दाखवा." त्यानं कागद माझ्यापुढं नाचवला. "शोधून दाखवा, मी आत्ता फाडतो."

नाव नव्हतं. नाव कुठंच नव्हतं, तीच तर त्याची हुशारी.

मी तेव्हाच उठायला पाहिजे होतं. उठले नाही, आणि का उठले नाही तेही सांगते. आमचं घर पद्मशाली, तेलुगू बोलणारं. कॉलेज संपल्यावर मी आकाशवाणीच्या आवाज-चाचणीला गेले होते. काचेपलीकडच्या बाईंनी माझं वाचन ऐकलं आणि गोड हसून म्हणाल्या, "छान आहे, पण तुमच्या मराठीत तेलुगू डोकावतं." पुढची दोन वर्षं मी आरशासमोर उभी राहून मोठ्यानं वर्तमानपत्र वाचलं आणि ते तेलुगू धुऊन काढलं. आणि आता हा अंड्यांच्या ट्रेमधला कुबेर मला म्हणत होता, "मॅडम, एवढं शुद्ध आकाशवाणीवाले पण बोलत नाहीत." एवढ्यावर विरघळले मी. किती स्वस्तात गेले बघा.

चौथ्या वेळी जमलं. मशीनवर बसलेला इलियास म्हणाला, "दीदी, 'निरुपयोगी'च्या आधी तुमचा श्वास ऐकू येतोय. काढून टाकू?"

"खबरदार!" उंबरजे ओरडला. "तोच तर सरकारी आहे. तेवढ्यात माणूस घाबरतो. राहू दे."

ऐकून पाहिलं तर माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कुणी तरी पन्नाशीची, चष्मा लावलेली, आयुष्यात कधी न हसलेली बाई बोलत होती. मला फार अभिमान वाटला.

दोन आठवडे ती बाई दिवसातनं वीस-वीस वेळा टीव्हीवर बोलत राहिली. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि मागं माझा आवाज. मी जुळे सोलापुरात, शहराच्या नव्या भागात, राहत होते. आमच्या इमारतीतली माणसं शिकलेली, नेटवर बघून घेणारी. कुणी टीव्ही दिला नाही. त्यामुळं एवढं शहर आहे, कुणी कशाला देतंय, असं म्हणून मी ते विसरूनही गेले.

रविवारी दुपारी अम्माकडं गेले. अम्मा विडी घरकुलात राहायची, एक खोली आणि पुढं पडवी. विडी कामगार बायकांची ती सगळी वस्ती. अम्मा चाळीस वर्षं विड्या वळत होती. दुपारी जेवणं झाली की गल्लीतल्या पाच-सहा बायका आपापली सुपं घेऊन तिच्या खोलीत यायच्या, कारण तिचा टीव्ही गल्लीतला सगळ्यात मोठा. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हात आपोआप चालायचे आणि डोळे टीव्हीवरच्या तेलुगू मालिकेत. हाताकडं बघून विडी वळणारी बाई नवशिकी, असं अम्मा म्हणायची. तो टीव्ही तिनं मी कॉलेजात असताना घेतला होता. त्याच्या चौकटीला माझ्या तेव्हाच्या टिकल्या चिकटलेल्या होत्या, लाल, चॉकलेटी, एक हिरवी. अम्मा टीव्ही पुसायची पण टिकल्या काढू द्यायची नाही. अप्पा गेल्यावर मी तिला किती वेळा म्हटलं माझ्याकडं ये. ती म्हणायची, "तिथं माझ्याजवळ दुपारी कोण बसायलंय?"

मी आत गेले तर खोलीत अम्मा आणि शेजारची बालमणी, दोघीच. दोघी भिंतीकडं तोंड करून बसलेल्या, रोजच्यासारख्या. समोर टीव्हीचं स्टूल. स्टुलावर अम्मानं विणलेला रुमाल, आणि रुमालावर एक काळा डबा. डब्याला हळदकुंकू लावलेलं. एक लाल दिवा लुकलुकत होता. टीव्ही नव्हता.

"अम्मा, टीव्ही कुठं आहे?"

"बस की. उन्हातनं आलीस. पाणी घे आधी."

"टीव्ही कुठाय?"

"दिला." अम्मानं पान कापलं. "केबलवाल्यांची गाडी आल्ती बुधवारी. देऊन टाकला. हे दिलं त्यांनी."

"अगं, पण हे टीव्हीला जोडायचं असतं! टीव्हीच नाही तर हे काय करणार?"

"तो पोरगा म्हणाला, नवीन चपटा टीव्ही घ्या, त्याला लागतं हे. शोरूमला या म्हणाला. बघू म्हटलं."

बघू. चपटा टीव्ही अम्मा या जन्मी घेणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

"तू दिलासच कसा? कुणी सांगितलं तुला द्यायला?"

"सांगणारी सांगायली होती की. रोज. टीव्हीवर."

बालमणीची कात्री थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग अम्माकडं बघितलं आणि परत पान कापायला लागली. ओळखलं की काय, असं वाटलं मला. पण अम्माच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती सुपात बघत होती. तेव्हा तेही मला खटकायला पाहिजे होतं.

नाही ओळखलं, मी मनात म्हटलं. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. आईचा टीव्ही गेला आणि मला हायसं वाटत होतं.

फक्त एक गोष्ट डोक्यात बसेना. अम्मानं सरकारचं म्हणून आजवर कधीच काही ऐकलेलं नव्हतं. शिधापत्रिका बदलून घ्या म्हणाले तर ही वर्षभर गेली नाही. ओळखपत्राच्या फोटोला तिसऱ्या शिबिरात गेली, तेही मी ओढून नेली तेव्हा. "सरकारला आज एक आठवतंय, उद्या एक," म्हणायची. आणि ह्या सूचनेला मात्र तिनं दोन आठवड्यांच्या आत मान तुकवली होती. माझ्या आवाजात एवढी जरब होती म्हणायची.

"बाकीच्या बायका कुठं आहेत?" मी विचारलं.

"त्या कशाला येतील आता?" अम्मा म्हणाली. "घरातच वळायल्यात."

सोमवारी सकाळी मी उंबरजेच्या केबिनमध्ये होते.

"आईचा टीव्ही परत पाहिजे मला. आज."

"अरे अरे, आईंनी पण दिला?" त्याला खराच आनंद झाला. "बघा म्हणजे, जाहिरात कुठपर्यंत पोचली! चारशेच्या वर आलेत मॅडम, चारशेच्या. नुसत्या घरकुलातनं दोन गाड्या भरून."

"लाज नाही वाटत? विड्या वळणाऱ्या बायका आहेत त्या. नवा टीव्ही कुठनं आणतील?"

"मी दार फोडून आणले का?" तो खुर्चीत मागं रेलला. "स्वतःच्या हातानं काढून दिलेत. सही करून. इथं ऑफिसात येऊन पाया पडायच्या बाकी होत्या. 'आमचा पण घ्या, एकतीस तारीख आली.' मी कुणाला काय बोललो? माझा आवाज कुणी ऐकलाय तरी का?"

"तुम्ही लोकांना फसवलंत."

"मी?" त्यानं कडं मागं सारलं. "मॅडम, मला टीव्हीतलं काय कळतं? मी धंदेवाला माणूस. पण तुमच्या घरी जुना टीव्ही बॉक्सवर चालत होता. झकास चालत होता, तुम्हीच म्हणालात. तुम्हाला माहीत असून तुम्ही वाचलंत. आणि काय वाचलंत! माझ्याच आईनं विचारलं, आपला पण द्यायचा का रे? मी म्हटलं गप बस, ती आपलीच जाहिरात आहे."

एवढं बोलून तो हसला. आईला सांगितलं त्यानं. त्या माणसात तेवढी तरी अक्कल होती. मी माझ्या आईला सांगितलं नव्हतं.

"तुमच्या आईंना तेलुगू चॅनेल कायमचे फुकट देऊ," तो म्हणाला. "खूश?"

"कशावर बघणार? रुमालावर?"

मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. एवढं खरं, की त्यासाठी धुऊन काढलेलं सगळं तेलुगू मला परत सापडलं. त्याला एक अक्षर कळलं नसेल, पण त्याचं हसू गेलं. हा माणूस पुढं नगरसेवक झाला आणि अजूनही भाषणात "माझ्या माताभगिनी" म्हणतो.

बाहेर जिन्यात इलियासनं मला गाठलं. "दीदी, अक्कलकोट रोडला शेड आहे. लवकर जा. भंगारवाला कालपासून लागलाय कामाला."

शेडमध्ये टीव्हींची रास छपरापर्यंत होती. काहींवर अजून विणलेले रुमाल होते, काहींवर देवाचे फोटो चिकटवलेले. एक माणूस उकिडवा बसून हातोड्यानं पाठ फोडत होता, तांब्याची तार ओढून एका बाजूला आणि उरलेलं दुसऱ्या बाजूला टाकत होता. ते तो इतक्या सराईतपणे करत होता की हाताकडं बघतही नव्हता.

"घरकुलातले कुठले?" मी विचारलं.

"ते झाले की, बाई. सकाळीच." त्यानं हातोड्यानं दाखवलं.

ती दुसऱ्या बाजूची रास मी दोन तास उपसली. हात कापले. शेवटी एक चौकट निघाली, काच नसलेली, आत काही नसलेली. लाल टिकल्या, चॉकलेटी टिकल्या, एक हिरवी. मी ती चौकट तशीच धरून उन्हात उभी राहिले. आरपार पलीकडचा रस्ता दिसत होता.

घरी आले आणि आमचा टीव्ही काढला. नवरा म्हणाला, "अगं, काय करतेस?" मी म्हटलं, "मध्ये बोलू नकोस." चादरीत गुंडाळून रिक्षात मांडीवर धरून घरकुलात नेला. वाटेत ठरवलं होतं की अम्माला सगळं सांगायचं. तिच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सांगायचं.

खोलीत त्याच दोघी होत्या, अम्मा आणि बालमणी, डब्याकडं तोंड करून. मी टीव्ही खाली ठेवला.

"अम्मा, तुझा टीव्ही गेला. फोडला त्यांनी. हा माझा आणलाय." मग मी डोळे मिटून म्हटलं, "आणि ती टीव्हीवरची बाई सरकारी नव्हती. ती मी होते. खोटं होतं ते, आणि मला ठाऊक होतं."

अम्मानं विडीला दोरा गुंडाळला. कात्रीनं तोडला. विडी सुपात ठेवली.

"ठाऊक आहे की," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"तूच होतीस ते. पहिल्या दिवशीच ओळखलं." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "लहान असताना माझी बंडलं बांधायला बसायचीस. पंचवीस मोजलीस की एक श्वास. परत पंचवीस, परत श्वास. त्या टीव्हीतल्या बाईनं तोच घेतला. दुसऱ्या कुणाचा असेल तो? केवढा आवाज बदलून बोलायलीस! मी सगळ्यांना म्हटलं, बघा, माझी सुजी."

"मग दिलास कशाला? सरकारचं कधी ऐकत नाहीस तू."

"सरकारचं कोण ऐकायलंय?" अम्मा म्हणाली. "तुझं ऐकलं की."

डब्याचा दिवा तेवढा लुकलुकत होता.

मग बालमणी बोलली. "मी नको म्हटलं होतं, सुजाता. माझा पोरगा म्हणाला, चालतो जुना, खोटं बोलायलेत. गल्लीत सगळेच म्हणायले. तर तुझी अम्मा दारोदार फिरली. म्हणाली, दुसरं कुणी असतं तर मीपण दिला नसता, पण माझी पोरगी आहे ती, माझी पोरगी खोटं सांगायची नाही. म्हणून दिले आम्ही. सहा घरांनी."

आता कळलं मला बाकीच्या बायका दुपारी का येत नव्हत्या. टीव्ही नव्हता म्हणून नाही. चाळीस वर्षं ह्या बाईचं मोजलेलं बंडल कुणी उलटून मोजलं नव्हतं, तिचा शब्द तसाच घेतला जायचा. तिनं तो एकदाच पणाला लावला, माझ्यासाठी, आणि बसली होती एकटी. रविवारी मी आले तेव्हाही ते खोटं होतं हे तिला कळून चुकलं होतं. तरी बालमणीसमोर मला खाली बघायला लागू नये म्हणून म्हणाली, सांगणारी सांगायली होती.

मी टीव्हीची चादर सोडायला लागले. वायर हातात घेतली.

"इथं नको," अम्मा म्हणाली. "बालमणीच्या घरात लाव."

"अम्मा, हा तुला आणलाय."

"माझ्या शब्दावर सहा घरांचे गेले. त्यांचे आले की मग माझा." तिनं सूप बाजूला ठेवलं. मी तिला भर दुपारी काम अर्धं टाकून उठताना कधीच पाहिलं नव्हतं. ती उठली, पदरावरची तंबाखू झटकली आणि दार उघडून पडवीत गेली. "आणि बाहेर ये. त्या आवाजात सगळ्यांना सांगितलीस ना? आता तुझ्या आवाजात सांग."

"आत्ता?"

"मग काय एकतीस तारखेला?"

मी बाहेर गेले. गल्लीत ऊन रणरणत होतं. अम्मानं कुणाला हाक मारली नाही, नुसती कडी दोनदा वाजवली. एकेक दार उघडलं. बायका मांडीवरची सुपं हातात घेऊन उंबऱ्यात आल्या, आणि माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"सगळ्यांना कळविण्यात येते की," मी सुरुवात केली. सवयच ती. पुढचा शब्द येईना. मी श्वास घेतला, आणि अम्मानं मान खाली घातली.

मग मी तेलुगूत बोलले. माझं नाव सांगितलं, कुणाची मुलगी ते सांगितलं, आणि जे केलं ते सांगितलं. बोलून झाल्यावर एकेक दार लागलं.

सहा टीव्ही व्हायला दीड वर्ष लागलं, सगळे जुने, सगळे बॉक्सवर झकास चालणारे. सातवा अम्माचा. तो लावला त्या दुपारी सगळ्या बायका सुपं घेऊन आल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी संध्याकाळी लहानपणीसारखी बंडलं बांधून दिली. अम्मानं प्रत्येक बंडल हातात घेतलं आणि पुन्हा मोजलं.